मद्यमुक्तीची सभा : एका कुटुंबाचे निवेदन
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत, बडोदे येथे वाचलेले भाषण)



संस्थेच्या हीरकमहोत्सवाच्या या मांडवात आजवर जी भाषणे झाली, त्यांत संस्थापकांच्या निःस्वार्थ सेवेचे, विद्यार्थ्यांना दिलेल्या शिष्यवृत्त्यांचे आणि वाचनालयाच्या वाढीचे वर्णन आपण ऐकलेत. ते सारे योग्यच होते. आमच्या पिढीतील कित्येकांची पुस्तके आणि फी याच संस्थेने पुरवली. त्यांत आम्हीही आहोत. परंतु कार्यकारी मंडळाने आज आम्हांस उभे केले आहे ते निराळ्या विषयासाठी. हा विषय उत्सवाच्या मांडवात बोलण्याचा नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्हांलाही तसेच वाटले असते.

प्रथम ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते सांगतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको. हे भाषण दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिले आहे. वाचण्याचे काम मात्र एकाकडे आले आहे. आमच्यापैकी एक दारू पीत होता आणि दुसरी ते झाकत होती. ही दोन्ही कामे बारा वर्षे चालली. त्यांत अधिक श्रमाचे कोणते, हे आम्हांस अजून ठरवता आलेले नाही. स्मरणिकेत भाषण छापताना आमचे नाव घालू नये, अशी आम्ही विनंती केली आहे. त्यामागे लाज नाही. ज्या मंडळींमुळे आम्ही आज येथे उभे आहोत, त्यांचा तो नियम आहे. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

“बडोद्यात आणि दारू?” असे बाहेरगावचे पाहुणे हसत विचारतात. प्रश्न रास्त आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजरात राज्य वेगळे झाले तेव्हा हा कायदा गुजरातेकडे आला व टिकला. आपल्यातील बहुतेकांचा जन्मच दारूबंदीत झाला. या कायद्याविरुद्ध आम्हांस काही बोलावयाचे नाही. गल्लीच्या तोंडाशी दुकान नाही, याचा कित्येक घरांना फायदा झाला असेल. परंतु कायद्याने दुकान बंद होते, तहान बंद होत नाही. दमणहून येणाऱ्या गाड्या, ‘पोटली’ विकणारे कोपरे आणि घरपोच बाटली आणून देणारी पोरे कोणाला ठाऊक नाहीत? १९८९ साली याच बडोद्यात, २००९ साली अहमदाबादेत आणि २०२२ साली बोटाद भागात विषारी दारूने माणसे मेली. ती सारी दारूबंदीच्या राज्यातच मेली.

दारूबंदीच्या गावात पिणाऱ्याला आणखी एक अडचण असते. ती म्हणजे मदत मागण्याची. जेथे दारूच नाही, तेथे दारुड्या कोठून असणार? मदत मागितली की आजाराबरोबर गुन्ह्याचीही कबुली दिल्यासारखे वाटते. त्यावर पुन्हा आपला समाज लहान. दांडिया बाजारात शिंकले तर रावपुऱ्यात ऐकू जाते. त्यामुळे आपल्या घरांत या दुखण्याला ‘पित्त’, ‘अशक्तपणा’, ‘कामाचा ताण’ अशी नावे असतात. आमच्या घरी ते ‘बीपी’ होते.

आमच्या घरातली बाटली कोठे असे, ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. माळ्यावर गणपतीच्या मखराचे एक मोठे खोके होते. वर्षातून एकदा, भाद्रपदातच ते उघडायचे. अकरा महिने त्याला कोणी हात लावीत नसे, म्हणून पिणाऱ्याने ती जागा हेरली. २०१४ सालच्या गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आमचा मुलगा, तेव्हा तेरा वर्षांचा, कोणी न सांगता हौसेने ते खोके खाली घेऊन आला. रंगीत कागदाखाली दोन बाटल्या होत्या. एक भरलेली आणि एक अर्धी. तो ओरडला नाही. त्याने बाटल्या पिशवीत घातल्या, पिशवी आईच्या हाती दिली आणि विचारले, “आई, तुला माहीत होतं ना?”

त्याला बाबांविषयी काही विचारावयाचे नव्हते. ते तो जाणून होता. त्याचा प्रश्न आईला होता, आणि आईला खरोखरच माहीत होते.

त्यापूर्वी आम्ही काही केले नव्हते असे नाही. देवापुढे शपथा झाल्या. त्या पाळल्याही, एक श्रावणभर, एक चातुर्मासभर. पगार बायकोच्या हाती देऊन पाहिला. गाव सोडून सहा महिने सुरतेस राहिलो. बाटली तेथेही भेटली. शेवटी झाकणारीने एक गोष्ट केली, ती येथे स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण ती आजही अनेक घरांत चालू असेल. वर्तमानपत्रातील एका जाहिरातीत ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असे वाचून तिने पूड मागवली आणि ती वरणात कालवून घातली. त्या रात्री पिणारा बाहेरून पिऊन आला. जेवल्यावर अर्ध्या तासात त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि तो मोरीपाशी कोसळला. इस्पितळात डॉक्टरांना संशय आला तो डायसल्फिराम नावाच्या औषधाचा. हे औषध खरे आहे. १९४८ सालापासून ते या कामी वापरतात. परंतु ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय व यकृत तपासून द्यावयाचे असते. पोटात हे औषध असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम खाली येऊन जीवही जाऊ शकतो. त्या रात्री आम्ही विधवा आणि पोरके होण्यापासून थोडक्यात वाचलो. आपल्या घरात अशी पुडी असेल, तर ती आजच फेकून द्या.

मखराच्या खोक्यानंतर पिणाऱ्याने स्वतः ठरवून एका सकाळी दारू एकदम बंद केली. हेही चुकीचे होते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे शरीर दारूला इतके सरावलेले असते की ती अचानक तोडली तर हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला झटके येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नाही ते दिसू लागते. आमच्या घरी तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग चालू लागली. ती एकालाच दिसत होती, आणि तो ती हातांनी पुसत होता. हा भ्रम उपचाराविना जीवघेणा होऊ शकतो. म्हणून फार पिणाऱ्याने दारू सोडावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. थायामिन नावाचे जीवनसत्त्व देतात, शांत ठेवणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत शरीर सावरते.

आमचेही सावरले. निघताना ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनी आम्हां दोघांना समोर बसवले आणि एक प्रश्न विचारला. तो आम्ही आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, “हे दहा दिवस मी दिले. अकराव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे असाल?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. संध्याकाळचे सात हीच आमच्या घरची वाईट वेळ. तेव्हा डॉक्टरांनी एका कागदावर दोन इंग्रजी अक्षरे लिहून दिली : ए. ए. आणि म्हणाले, “गावात त्यांची सभा भरते. शोधा.”

आता शोधण्याची हकिगत. ती सांगण्याजोगी आहे, कारण पुष्कळ माणसे याच टप्प्यावर हरवतात.

पहिल्या वेळी आमच्याजवळ एक जुनी यादी होती. तीत एका शाळेचा पत्ता होता. गेलो तो शाळेला कुलूप. पहारेकरी म्हणाला, ती माणसे वर्ष झाले दुसरीकडे गेली. पिणाऱ्याला मनातून हायसे वाटले. “आपण गेलो होतो, सभाच नव्हती,” असे म्हणावयाची सोय झाली. झाकणारीने मात्र दुसऱ्या दिवशी मुंबईला त्यांच्या मध्यवर्ती कार्यालयात फोन लावला. तेथून बडोद्यातील एका सभासदाचा क्रमांक मिळाला, आणि त्या सभासदाने नवी जागा, वार आणि वेळ सांगितली. यावरून एक गोष्ट शिकलो : यादी जुनी असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी, आणि पहिले कुलूप पाहून शोध संपला असे मानू नये.

दुसऱ्या वेळी जागा सापडली. पण पिणारा रस्त्याच्या पलीकडे, पानाच्या गल्ल्यापाशी उभा राहिला. आत जाणाऱ्यांत त्याला ओळखीचा चेहरा दिसला. त्यांच्याच कचेरीतील एक वरिष्ठ गृहस्थ, टापटिपीचे, कधी कोणाशी मोठ्याने न बोलणारे. आपण आत गेलो तर त्यांना कळेल, या भीतीने तो परत फिरला. ते गृहस्थ त्याच दाराने आत गेले होते आणि तेही त्याच कारणासाठी गेले असणार, हा साधा विचार त्याला घरी येऊन जिना चढेपर्यंत सुचला नाही.

तिसरी वेळ नवरात्रातली. चौकाचौकांत गरब्याचे ढोल वाजत होते. आम्ही दोघे बरोबर गेलो. दाराशी पांढऱ्या केसांचे एक गुजराती गृहस्थ खुर्च्या मांडत होते. त्यांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, किती पिता तेही विचारले नाही. एवढेच म्हणाले, “आवो भाई, बेसो. चा पीशो?”

ती खोली आपल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीपेक्षा मोठी नव्हती. पंधरा-सोळा खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता. रिक्षा चालवणारा होता, प्राध्यापक होते, कारखान्यातला फोरमन होता, आणि एक बाईही होती. हे दुखणे पुरुषांचेच, असा आमचा समज तिने त्या संध्याकाळीच मोडला. जो बोलावयास उठे, तो आपले पहिले नाव सांगे आणि ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणे. मग पाच-दहा मिनिटे आपली हकिगत सांगे : काय होते, काय घडले, आता काय आहे. कोणी गुजरातीत, कोणी हिंदीत. एकाने मराठीतही सांगितली. कोणी कोणाला मध्येच तोडीत नव्हते, उपदेश करीत नव्हते. एक जण म्हणाला की तो बाटली पाण्याच्या टाकीत दोरीने सोडून ठेवी. सारी खोली हसली, आणि आमच्यातला पिणाराही हसला. बारा वर्षांत त्या गोष्टीवर तो पहिल्यांदा हसला. मखराचे खोके त्याला जगात एकट्याचेच वाटत होते.

कचेरीतले ते गृहस्थ समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली, बस्स. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी रोजच्यासारखा ‘नमस्कार’ केला. आजवर त्यांच्या तोंडून त्या खोलीचा शब्द बाहेर आलेला नाही, आणि आमच्याही नाही. नाव न सांगण्याचा नियम का, हे तेव्हा समजले. त्याने नवा माणूस निर्भयपणे आत येतो. आणि कोणी एक माणूस संस्थेचा चेहरा बनून, उद्या पुन्हा पडला, तर त्याच्याबरोबर सर्वांचा विश्वास पडू नये, हीही त्यात दृष्टी आहे.

या मंडळींचा थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत १९३५ साली बिल नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल आणि बॉब नावाचे अ‍ॅक्रन गावचे एक शस्त्रवैद्य भेटले. दोघेही हाताबाहेर गेलेले मद्यपी. बिलची दारू काही महिन्यांपूर्वीच सुटली होती, आणि त्या परक्या गावी ती पुन्हा हातात येईल असे त्याला भय वाटले. तेव्हा त्याने धाव घेतली ती दुसऱ्या एका मद्यपीकडे. उपदेश करण्याऐवजी त्याने आपली स्वतःची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ रोजी; तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मदिवस मानतात. १९३९ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि १९५७ साली मुंबईत हे कार्य सुरू झाले. साऱ्या चळवळीचे मर्म त्या पहिल्या भेटीत आहे : एका मद्यपीशी दुसरा मद्यपी बोलतो, तेव्हा दोघांचीही ती संध्याकाळ दारूवाचून जाते.

सभासद होण्यास एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, फी नाही, हजेरीपट नाही. त्यांच्या पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. परंतु ज्याने त्याने तो आपल्या समजुतीप्रमाणे घ्यावयाचा. आमच्या सभेत गणपती मानणारे आहेत, पीर मानणारे आहेत, येशूला मानणारे आहेत, आणि “मी या खोलीलाच मानतो” असे म्हणणारे एक नास्तिकही आहेत. सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेला फक्त मद्यपीच बसतात. खुल्या सभेला घरचे, डॉक्टर किंवा जिज्ञासू कोणीही येऊ शकते. आम्ही दोघे गेलो ती सुदैवाने खुली होती. फोन करताना हेही विचारून घ्यावे.

याचा उपयोग होतो काय, असे आपल्यातील डॉक्टर मंडळी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय परीक्षणसंस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत दहा हजारांवर माणसे होती. दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत, ए. ए. कडे वळवणारा पद्धतशीर उपचार हा इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचा, आणि पुष्कळदा सरस ठरला. यावरून तो सर्वांना लागू पडतो असे नाही. कोणाला समुपदेशक हवा, कोणाला ओढ कमी करणारे औषध हवे, कोणाला काही आठवडे केंद्रात राहणे हवे. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली उभे राहिले, हे आपण जाणताच. सभा ही या साऱ्यांच्या विरुद्ध नाही. औषधोपचार संपल्यावर ‘अकराव्या दिवशी सात वाजता कुठे’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

आता झाकणारीविषयी. तिला वाटे की नवरा सभेला जाऊ लागला, आपले काम संपले. परंतु तिचे कान अजून जिन्यावरच्या पावलांकडे असत. ती अजून त्याच्या शर्टाचा वास घेई, बँकेचे पुस्तक रोज उघडी. घरच्या माणसांसाठी अल्-अ‍ॅनन नावाच्या निराळ्या सभा असतात. १९५१ साली बिलच्या पत्नी लुईस यांनी एका मैत्रिणीसह त्यांना एकत्र रूप दिले. तेथे ती तीन गोष्टी शिकली. ही दारू मी लावलेली नाही. ती माझ्या ताब्यात राहणार नाही. आणि ती बरी करणेही माझ्या हाती नाही. मग माझ्या हाती काय? खोटे न बोलणे. त्यानंतर तिने कचेरीला ‘त्यांना बीपीचा त्रास आहे’ असा फोन केला नाही. ती म्हणे, “तुमचा फोन तुम्हीच करा.” हे निष्ठुरपणाचे वाटेल, पण आमच्या घरात खरी सुधारणा तेथून सुरू झाली. ज्यांच्या गावी अशी सभा नाही, त्यांना २०२० च्या साथीनंतर फोनवर व संगणकावर भरणाऱ्या सभांची सोय झाली आहे.

सारे सरळ झाले असे मात्र समजू नका. सातव्या महिन्यात, वैशाखात, इंदूरला पुतण्याच्या लग्नात पिणारा पुन्हा प्याला. “आता बरा झालो, एक पेला काय करणार?” असे वाटले, आणि एकाचे चार दिवस झाले. परत आल्यावर सभेस जाण्याची लाज पहिल्या वेळेपेक्षा मोठी होती. त्याच पांढऱ्या केसांच्या काकांनी फोन केला. “खुर्ची खाली छे,” एवढेच म्हणाले. तो गेला, आणि सर्वांसमोर सांगितले. कोणी ‘आम्ही म्हणालो नव्हतो?’ असे म्हणाले नाही. त्यानंतर आजपर्यंत दारूला स्पर्श झालेला नाही. उद्याचे आम्ही बोलत नाही. तेथे एका दिवसाचाच हिशेब ठेवतात. पण मखराचे खोके आता कोणीही, केव्हाही उघडावे.

मुलगा आता मोठा झाला आहे. परवा हे भाषण त्याला वाचून दाखवले आणि त्याची गोष्ट गाळू का, असे विचारले. तो म्हणाला, “गाळू नका. आणखी कोणाच्या तरी घरी खोकं असेल.”

त्याच्या या वाक्यावरून आम्ही आमच्या विनंतीकडे येतो. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि ५ कोटी ७० लाखांवर लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे. जे दारूच्या पुरते अधीन झाले आहेत, अशा ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते आपापल्या घरी, ‘पित्त’ आणि ‘बीपी’ या नावांनी आहेत.

आमच्या सभेची सध्याची जागा लवकरच जाणार आहे. इमारत पाडावयाची आहे. संस्थेच्या वरच्या मजल्यावरची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ दीड तास मिळावी, असा अर्ज आम्ही केला आहे. तो वार्षिक सभेपुढे येईल. एक आक्षेप आमच्या कानी आला आहे. “आपल्या जिन्यावरून दारुडे चढणार काय?” त्यावर आमचे नम्र उत्तर असे की ते आजही चढतात. वाचनालयात येतात, वर्गणी भरतात, गुणवंतांच्या सत्कारास टाळ्या वाजवतात. आमच्यातला पिणारा बारा वर्षे हाच जिना चढत होता, आणि त्यातली दोन वर्षे तर तो आपल्या उत्सव समितीवर होता. प्रश्न एवढाच आहे की त्यांना या जिन्यावरून खरे बोलण्यासाठीही चढता यावे की नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आपली संस्था धर्मादाय आहे. खोली फुकट देण्याची तिची परंपरा आहे. परंतु हे लोक बाहेरचे दान घेत नाहीत. सभेत एक डबा फिरतो. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. त्यातून चहा आणि जागेचे भाडे निघते. तेव्हा आपण भाडे माफ करू नये. थोडे का होईना, ते घ्यावे आणि रीतसर पावती द्यावी. ज्या माणसाने वर्षानुवर्षे घर बुडवले, त्याला आपल्या खुर्चीचे भाडे स्वतः भरता येणे, ही त्याच्या बरे होण्यातील लहान गोष्ट नव्हे.

शेवटी, ज्यांना हे भाषण ऐकताना कोणाचा तरी चेहरा आठवला असेल, त्यांच्यासाठी. रोज फार पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावे. एकदम बंद करू नये. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे, आणि मनाच्या दुखण्यासाठी टेलि-मानसची १४४१६. दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. ए. ए. च्या मुंबई कार्यालयाकडून जवळच्या सभेचा वार, वेळ व जागा विचारून घ्यावी. पहिल्या सभेत काही बोलण्याची सक्ती नाही. नुसते बसावे, चहा घ्यावा. एक सभा मनास न आली तर दुसरी पाहावी. निदान पाच-सहा वेळा जाऊन मग मत बनवावे. आणि ज्यांच्या घरचा माणूस यावयास तयार नाही, त्यांनी त्याच्यासाठी न थांबता स्वतः तरी जावे. आमच्या घरी पहिला फोन पिणाऱ्याने लावला नव्हता.

अर्जाचा निर्णय आपण विचारपूर्वक कराल याविषयी आम्हांस शंका नाही. खोली मिळाली, तर पहिल्या संध्याकाळी खुर्च्या मांडण्यास आम्ही दोघे साडेसहालाच येऊ. आपल्यापैकी कोणी जिन्याच्या खाली, रस्त्यापलीकडे घुटमळताना दिसला, तर आम्ही त्याला हाक मारणार नाही, नावही विचारणार नाही. दार मात्र उघडे ठेवू.